ग्रीवापेशींच्या नर्व्ह आणि मन्यास्तंभाचे निदान

चिखलीच्या बाजार समितीत हंगामात पोती वाहून मान आखडलेले रुग्ण आमच्याकडे नित्य येतात. दिवास्वाप, विषम आसन व ऊर्ध्वनिरीक्षण ही मन्यास्तंभाची कारणे सुश्रुतसंहितेत सांगितली असून तेथे वात कफावृत मानला आहे. रूक्षस्वेद व नस्याने अशा बहुतेकांना उपशय मिळतो. परंतु प्रत्येक दुखरी मान म्हणजे मन्यास्तंभ नव्हे. हा भेद करण्यास शारीरज्ञानच उपयोगी पडते.

मानेच्या मागील खोल पेशींना ग्रैव नर्व्हच्या पश्चिम शाखा, तर स्केलीन पेशींना पूर्व शाखा जातात. स्टर्नोमॅस्टॉइड व ट्रॅपेझियस या दोन मोठ्या पेशी मात्र अकराव्या कर्परी नर्व्हच्या, म्हणजे ॲक्सेसरीच्या, अधीन आहेत. ही नर्व्ह स्टर्नोमॅस्टॉइडला शाखा देऊन तिच्या मागील कडेतून बाहेर पडते, मानेच्या पार्श्व त्रिकोणातून त्वचा व प्रावरणीच्या खालून तिरपी उतरते आणि ट्रॅपेझियसमध्ये शिरते. तिच्या मार्गालगतच लसिकाग्रंथी असतात.

आमच्याकडे एक हमाल मान व खांदा दुखतो म्हणून आला. आम्ही मन्यास्तंभ समजून दोन महिने अभ्यंग व गुग्गुळकल्प दिले. पुढे सदरा काढून पाहिले, तेव्हा खांदा उतरलेला व मानेच्या बाजूस लहान व्रणवस्तू दिसली. पूर्वी तेथील गाठ काढली होती. हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता. लिव्हेटर स्कॅप्युलीला तिसऱ्या ते पाचव्या ग्रैव नर्व्हच्या शाखा मिळत असल्याने खांदा थोडा उचलला जात होता आणि त्यानेच आमची फसगत झाली. छेद त्रिकोणात असल्याने स्टर्नोमॅस्टॉइड शाबूत होती, मान वळत होती. आम्ही त्यास शल्यतज्ज्ञाकडे पाठविले. परंतु नर्व्हच्या दुरुस्तीस पहिले काही महिनेच अनुकूल असतात, आणि त्यांतील दोन आमच्या हातून गेले होते.

म्हणून मानेच्या रुग्णाचे दोन्ही खांदे उघडे करून समोरून व मागून पाहावेत, हात वर करवून घ्यावेत, व्रणाची पृच्छा करावी. अंगठ्यात बधिरता असल्यास सहाव्या, मधल्या बोटात असल्यास सातव्या ग्रैव नर्व्हमूलाचा विचार करावा. मानेच्या बाजूस नीला व मन्या ही वैकल्यकर मर्मे सांगितली आहेत. त्या भागात अग्निकर्म व छेद जपूनच करावेत.

औषधविक्रेत्या बंधूंनीही तेच तेल वारंवार नेणाऱ्या ग्राहकास एवढे विचारावे : हात पूर्ण वर जातो का? न गेल्यास त्यास वैद्याकडे पाठवावे.