विजेचा मीटर हलवायचा, तर कोणी?



आपल्या जुन्या शिकुनांत आता लिफ्ट बसवायची कामं निघतात. लिफ्ट येते जिन्याला लागून, आणि मीटरांची पेटी पुष्कळदा तिथेच असते. मग कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "माझा माणूस संध्याकाळी मीटर हलवून देईल, थोडे शेकेल रोख द्या." मी बरीच वर्षं इथे खशमलाय म्हणून काम केलं, त्यामुळे लोक मला विचारतात, द्यावे का? अजिबात देऊ नका.

मीटर आपल्या इमारतीच्या भिंतीवर असला तरी तो खेव्रात खशमालचा, म्हणजे वीज कंपनीचा. त्याला कंपनीचं सील असतं, इथे त्याला प्लोंबा म्हणतात. ते तोडून मीटर सोडवण्याचा अधिकार घरमालकाला नाही, वाअद बायितला नाही, आणि कंपनीने नेमलेला नसेल तर रिशायोनवाल्या खशमलायलाही नाही. माझ्याकडे रिशायोन होतं, तरी प्लोंब्याला मी कधी हात लावला नाही.

हा नुसता कागदी नियम नाही. घरातला मेन स्विच बंद केला की स्विचच्या पुढची, घरातली वीज जाते. मीटरकडे येणाऱ्या वायरी मात्र तशाच जिवंत राहतात, 230 व्होल्टच्या. तीन फेज असतील तर फेज-फेजमध्ये 400. "स्विच बंद केलाय, काळजी नको" असं म्हणणारा माणूस तिथेच मरू शकतो.

मग खशमलायचं काम काय? नवी पेटी बसवणं, मीटरपासून घरच्या बोर्डापर्यंतची वायर ओढणं. तेही 1954 च्या वीज कायद्याप्रमाणे रिशायोन असलेल्यानेच करायचं. मीटर सोडवणं आणि नव्या जागी जोडणं कंपनीचं. म्हणून आधी कंपनीकडे अर्ज, तिने जागा मान्य करायची, मगच भिंत फोडायची. आपल्याकडे उलटं होतं. भिंत आधी फुटते!

अर्ज ज्याच्या नावावर मीटर आहे त्याने करायचा. इथे आपल्या विधवा भगिनींची अडचण होते. नवऱ्याला जाऊन दहा वर्षं झाली तरी खेशबोन त्याच्याच नावाने येत असतो. ते नाव आधी बदलून घ्या, लिफ्टची वाट बघू नका.

2024 पासून घरगुती ग्राहकांना दुसऱ्या कंपनीकडूनही वीज घेता येते. पण बिल कोणाचंही येवो, आपल्या शिकुनातला मीटर आणि तारा खेव्रात खशमालच्याच.

अलिबाग-पनवेलकडे कोणी घर राखून असेल, तर तिथेही हीच गोष्ट. भारताच्या 2003 च्या वीज कायद्यात कलम 138 आहे : परवानगीशिवाय मीटर जोडला किंवा सोडवला तर 3 वर्षांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावचा ओळखीचा वायरमन "होऊन जाईल काका" म्हणाला, तरी महावितरणच्या ऑफिसात अर्ज द्या.

इथे कंपनीचा फोन 103. हातात जुना खेशबोन ठेवा, ग्राहक नंबर विचारतात. इव्रीत बोलायला अडत असेल तर नातवाला शेजारी बसवा.