आयर्लंडमधील वंशवृत्तविषयक दप्तरे : खुलेपणा आणि सुलभता

१

एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करावयाचा तर संशोधकास तीन गोष्टी अनुकूल असाव्या लागतात. पूर्वजाची नोंद ज्यात झाली ते दप्तर शिल्लक असले पाहिजे. ते पाहण्याची कायद्याने मुभा असली पाहिजे. आणि पूर्वज त्यात ज्या नावाने नोंदला गेला ते नाव आज ओळखता आले पाहिजे. पहिल्या दोन अटींचा विचार इतिहासकार व कायदेपंडित करीतच असतात. तिसरी अट भाषेची आहे, आणि म्हणूनच की काय, ती बहुधा दुर्लक्षित राहते.

या तिन्ही अटी एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात हे पाहण्यास आयर्लंडचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. १८४५ नंतरच्या महादुष्काळात व त्यापुढील काळात लक्षावधी आयरिश लोक देशांतर करून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व ब्रिटन येथे गेले. त्यांचे वंशज मूळ घराचा शोध घेऊ लागतात, तेव्हा त्यांच्या हाती पुष्कळदा एक आडनाव, एका जिल्ह्याचे नाव आणि घरात ऐकीव राहिलेले एखादे गावनाव एवढेच भांडवल असते. आयरिश दप्तरखान्यांनी गेल्या काही वर्षांत आपली दारे मोठ्या औदार्याने उघडली आहेत. तथापि दप्तर खुले होणे आणि ते सुलभ होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम जे नष्ट झाले त्याचा विचार करणे इष्ट ठरेल. डब्लिन येथील फोर कोर्ट्‌स या न्यायालयीन वास्तूच्या आवारात आयर्लंडचे सार्वजनिक दप्तर-कार्यालय होते. यादवी युद्धाच्या प्रारंभी, ३० जून १९२२ रोजी, तेथे झालेल्या स्फोटात व आगीत त्याचे भांडारगृह भस्मसात झाले. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार शिरगणत्यांची मूळ पत्रके, काही तुकडे वगळता, त्यात गेली. १८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख होती; १८५१ मध्ये ती सुमारे ६५ लाखांवर आली. म्हणजे दुष्काळापूर्वी कोणत्या घरात कोण होते आणि दुष्काळानंतर कोण उरले, हे नावानिशी सांगणारी दोन्ही दप्तरे एकाच दिवशी नाहीशी झाली.

मात्र सर्व दोष या आगीच्या माथी मारणे युक्त नव्हे. १८६१ व १८७१ च्या शिरगणतीची पत्रके सरकारनेच थोड्या काळात नष्ट केली होती, आणि १८८१ व १८९१ ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेली. परिणामी १९०१ व १९११ या दोनच शिरगणत्या पूर्णपणे उपलब्ध राहिल्या.

चर्चच्या नोंदवह्यांची कथाही अशीच विचार करावयास लावणारी आहे. चर्च ऑफ आयर्लंडचे राजाश्रित स्वरूप १८७१ मध्ये संपले. त्यानंतर त्याच्या जुन्या नोंदवह्या सार्वजनिक दप्तर मानल्या जाऊन त्यांपैकी पुष्कळशा सुरक्षिततेसाठी डब्लिनला आणण्यात आल्या. अर्ध्याहून अधिक नोंदवह्या १९२२ मध्ये जळाल्या. कॅथलिक पॅरिशांच्या वह्या मात्र गावोगावच्या धर्मगुरूंपाशीच, दमट कपाटांत, राहिल्या होत्या आणि म्हणूनच वाचल्या.

एका वेगळ्या मार्गानेही काही अंश वाचला. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरजू वृद्धांना निवृत्तिवेतन मिळू लागले. परंतु सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासूनच सुरू झालेली असल्यामुळे अर्जदारांपाशी वयाचा दाखला नव्हता. तेव्हा त्यांनी आईबापांची नावे व मौजा कळवावा आणि दप्तर-कार्यालयाने १८४१ वा १८५१ च्या पत्रकांत त्या घराचा शोध घ्यावा, अशी पद्धत पडली. या शोधाचे निष्कर्ष ज्या फॉर्मांवर लिहिले गेले ते फॉर्म शिल्लक आहेत. वृद्धांच्या पोटापाण्याच्या निकडीने केलेली ही टिपणे आज जळालेल्या शिरगणतीचा आधार ठरली आहेत.

३

जे उरले ते खुले करण्याचे कार्य टप्प्याटप्प्याने झाले. १९०१ व १९११ ची पत्रके १९६१ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांची वाट न पाहता, जनतेस पाहावयास मिळू लागली. पुढे राष्ट्रीय अभिलेखागाराने २००७ पासून १९११ ची व २०१० मध्ये १९०१ ची पत्रके संगणकीय जाळ्यावर विनामूल्य उपलब्ध केली. राष्ट्रीय ग्रंथालयाने विसाव्या शतकाच्या मध्यापासून कॅथलिक वह्यांची सूक्ष्मपटे तयार केली होती. परंतु काही धर्मप्रांतांच्या वह्या पाहण्यासाठी तेथील चर्चची लेखी परवानगी लागत असे. जुलै २०१५ मध्ये या साडेतीन लाखांहून अधिक प्रतिमा, सुमारे १८८० पर्यंतच्या, कोणत्याही परवानगीशिवाय सर्वांस पाहता येऊ लागल्या. जमीनविषयक दप्तरांपैकी १८२३ ते १८३७ या काळातील दशमांश-आकारणीची पुस्तके आणि रिचर्ड ग्रिफिथ याच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात झालेली मूल्यआकारणी ही दोन विशेष महत्त्वाची होत. ग्रिफिथच्या पुस्तकांत मौजेवार प्रत्येक कुळाचे व त्याच्या जमीनदाराचे नाव मिळते. नष्ट शिरगणतीची उणीव त्यांनी काही अंशी भरून काढली आहे.

१९२२ च्या आगीस शंभर वर्षे झाली तेव्हा ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जळालेल्या भांडारगृहाची संगणकीय पुनर्रचना प्रसिद्ध झाली. भांडारगृहात काय काय होते हे हर्बर्ट वुड याने १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीवरून ठाऊक होते. तिच्या आधारे इतर देशांतील व संस्थांतील नकला, उतारे व टिपणे शोधून त्या त्या जागी बसविण्यात आली आहेत.

४

खुलेपणास कायद्याची मर्यादा असते आणि ती असणे अपरिहार्यही आहे. जुलै २०१४ मध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांच्या सरकारी सूच्या संगणकीय जाळ्यावरून एकाएकी काढून घेण्यात आल्या. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा व त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव त्यांतून कोणासही कळू शकते, असा आक्षेप माहिती-संरक्षण आयुक्तांनी घेतला होता. वास्तविक त्याच सूच्या डब्लिनच्या शोधकक्षात जाऊन पाहण्यास पूर्वीपासूनच मुभा होती. शोधकक्षात जाऊन पाहणे आणि जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून क्षणात पाहणे यांत केवळ सोयीचा नव्हे, तर परिणामांचाही फरक आहे, हे या प्रसंगाने दाखवून दिले. पुढे जन्मास शंभर, विवाहास पंचाहत्तर व मृत्यूस पन्नास वर्षे लोटल्यावरच नोंद प्रकट करावी असा दंडक ठरला आणि सप्टेंबर २०१६ पासून मूळ नोंदींच्या प्रतिमाही उपलब्ध झाल्या. शिरगणतीसही शंभर वर्षांचा नियम आहे; त्यानुसार एप्रिल १९२६ मध्ये झालेल्या, स्वतंत्र राज्याच्या पहिल्या शिरगणतीची मुदत एप्रिल २०२६ मध्ये पुरी होते.

ज्यांचा शोध पूर्वजांचा नसून स्वतःच्या आईचा असतो, त्यांना हे वर्षांचे दंडक लागू करणे अन्यायाचे ठरले असते. दत्तक दिल्या गेलेल्या व्यक्तींस आपला मूळ जन्मदाखला मिळण्याचा निःसंदिग्ध हक्क आयर्लंडमध्ये २०२२ च्या कायद्यानेच प्राप्त झाला.

५

येथवरचा विचार पहिल्या दोन अटींचा झाला. तिसऱ्या अटीकडे वळताच प्रश्नाचे स्वरूप बदलते. एकोणिसाव्या शतकात आयरिश भाषा बोलणारी माणसे लाखोंनी होती. परंतु त्यांची नोंद करणारी लेखणी इंग्रजी वा लॅटिन लिहीत होती. १९०१ व १९११ मध्ये गणनेचे काम पोलिसांकडे होते, आणि कुटुंबप्रमुख निरक्षर असल्यास पत्रकही पोलीसच भरून देई. त्यामुळे नोंदीत उतरले ते नाव उच्चारलेले नसून ऐकलेले आहे.

घरात ज्यास ‘तायग’ म्हणत, तो बाप्तिस्म्याच्या वहीत ‘थाडेउस’ आणि शिरगणतीत ‘टिमथी’ असू शकतो. ‘दीअर्मिद’ या नावाच्या माणसास ‘जेरमाया’ केल्याची उदाहरणे मन्स्टर प्रांतात विपुल आहेत. या जोड्यांत अर्थाचा काडीचाही संबंध नाही. केवळ ध्वनीचे दूरचे साम्य आणि रूढी यांनी त्या बांधल्या आहेत.

आडनावांत याउलट पुष्कळदा अर्थाचे भाषांतर झाले. ‘मॅक गाउन’ म्हणजे लोहाराचा पुत्र. त्याचे लिप्यंतर होऊन ‘मॅकगाउअन’ झाले, आणि भाषांतर होऊन ‘स्मिथ’ झाले. एकाच कुळातील दोन शाखा अशा रीतीने सूचीच्या दोन टोकांस जाऊन पडल्या. ‘मॅक अन टीर’ या नावातील मूळ शब्दाचे ‘कारागीर’ व ‘स्वतंत्र’ असे दोन अर्थ आहेत. म्हणून त्यातून ‘मॅकअटीर’, ‘कार्पेंटर’ आणि ‘फ्रीमन’ अशी तिन्ही नावे निपजली. ‘नातू, वंशज’ या अर्थाचे ‘ओ’ हे पूर्वपद इंग्रजी अमलात पुष्कळांनी टाकले आणि भाषिक पुनरुज्जीवनाच्या काळात पुन्हा धारण केले. त्यामुळे बाप ‘सलिव्हन’ व मुलगा ‘ओसलिव्हन’ असे घडते. १९११ मध्ये काही कुटुंबप्रमुखांनी भाषाभिमानाने पत्रकच आयरिशमध्ये भरले. त्यांचे वंशज इंग्रजी रूप घेऊन शोधू लागले तर रिक्त हस्ताने परततात.

स्थलनामांची अडचण याहून मोठी आहे. शिरगणतीत जन्मस्थान म्हणून बहुधा केवळ जिल्हा लिहिलेला असतो. घराचा खरा पत्ता म्हणजे ‘टाउनलँड’, आपल्या मौजासारखा लहान भूभाग. असे टाउनलँड साठ हजारांहून अधिक आहेत. १८२४ मध्ये सुरू झालेल्या मोजणीत त्यांची नावे इंग्रजी लिपीत निश्चित करण्यात आली आणि या कामी जॉन ओडॉनोव्हन याने जुने कागद पाहून व स्थानिक लोकांस विचारून मूळ रूपे मोठ्या साक्षेपाने टिपली. तरीही लिप्यंतरात भेद लोपलेच. आयरिशमध्ये ‘चर्च’ आणि ‘रान’ यांस दोन निराळे शब्द आहेत. इंग्रजीत दोन्ही ‘किल’ झाले. ‘किलमोर’ म्हणजे मोठे चर्च की मोठे रान, हे नावावरून सांगता येत नाही. देशांतर केलेल्या माणसाने मात्र गावाचे नाव कानाने नेले होते, आणि परदेशातील कारकुनाने ते तिसऱ्याच वर्णविन्यासाने लिहिले.

६

या अडचणींवर सूचीकार मात करू शकतो. परंतु सूचीचे काम प्रतिमा घेण्याहून कितीतरी कष्टाचे व खर्चाचे असते. राष्ट्रीय ग्रंथालयाने पॅरिश-वह्यांच्या प्रतिमा विनामूल्य दिल्या, पण त्यांना नावांची सूची जोडली नाही. जिल्हावार वंशशोधन-केंद्रांनी तयार केलेल्या सूच्या उपयुक्त आहेत. त्यांना शुल्क पडते. म्हणजे पेटी सर्वांची आणि किल्ली विकत, अशी स्थिती काही दप्तरांपुरती अद्याप आहे.

सूची करताना नोंदीतील मूळ रूप जसेच्या तसे राखावे, आणि त्याच्याशी आयरिश, लॅटिन व इंग्रजी पर्यायरूपे स्वतंत्रपणे जोडावीत, हे तत्त्व म्हणून आवश्यक ठरते. मूळ रूप सुधारून लिहिल्यास पुरावा नष्ट होतो. पर्यायरूपे न जोडल्यास पुरावा असून नसल्यासारखा होतो. नामशास्त्र व ध्वनिविचार यांचे ज्ञान येथे अलंकार म्हणून नव्हे, तर दप्तरखान्याचे साधन म्हणून लागते. १९२२ ची आग जे नेऊ शकली नाही, ते केवळ वर्णविन्यासाच्या अडसरामुळे वंशजांस अप्राप्य राहावे, हे टाळता येण्याजोगे आहे.