शहराने दिलेला शब्द

आपल्या शहरात महिन्याच्या अखेरीस जी पगारपत्रके निघतात, त्यांत ‘व्यवसाय कर’ या नावाची एक ओळ असते. रक्कम लहानशीच. बहुतेक पगारदारांच्या बाबतीत महिन्यास २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाकाठी २५००. प्राप्तिकराचा आणि भविष्यनिर्वाह निधीचा पैन् पै हिशेब ठेवणारा सुशिक्षित गृहस्थही या ओळीवर नजर थांबवीत नाही. दुकानाच्या अथवा कारखान्याच्या मालमत्ता कराच्या देयकात ‘रोजगार हमी उपकर’ असतो. तोही भरला जातो आणि विसरला जातो. हा पैसा कशासाठी घेतला जातो, तो घेण्यामागे कोणाचा विचार होता, आणि त्याच्या रूपाने शहरांनी खेड्यांना कोणता शब्द दिला होता, हे आठवण्याची वेळ आज आली आहे, असे आम्हांस वाटते. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने ग्रामीण रोजगाराचा नवा कायदा संमत केला, आणि त्यामुळे तो जुना शब्द पुन्हा महाराष्ट्राच्या दाराशी येऊन उभा राहिला आहे.

या विचाराचे जनकत्व ज्यांच्याकडे जाते ते वि. स. पागे हे कधी मुख्यमंत्री नव्हते. १९६० पासून १९७८ पर्यंत ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीचे आसन हे मौनाचे आसन. इतरांना बोलू द्यावे, वाद वाढला तर आवरावा आणि आपले मत मनात ठेवावे, ही त्या आसनाची रीत. तिथे बसून राज्याच्या अर्थकारणाला नवे वळण देणारा कायदा घडवून आणता येतो, हे पाग्यांनी दाखवून दिले. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका हे त्यांचे कार्यक्षेत्र. अवर्षणाचा तो मुलूख. पाऊस गेला की शेतमजुराच्या हाताला काम नाही, आणि काम नाही म्हणून घरात दाणा नाही, हे चक्र त्यांनी जवळून पाहिले होते. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातच त्यांनी प्रयोग आरंभिला. जो काम मागेल त्याला काम द्यायचे, आणि ते काम असे निवडायचे की त्यातून बांध, नाले, तळी आणि विहिरी उभ्या राहाव्यात. हा विचार त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडला. आधी गावात करून पाहिले आणि मग राज्याला सांगितले, हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. आज तो बहुधा उलटा चालतो.

सांगलीच्या या विचाराला खरी कसोटी लागली ती मराठवाड्यासारख्या भागांत. १९७२ साली योजना राज्याने स्वीकारली आणि त्याच सुमारास महाराष्ट्रावर शतकातील एक भीषण दुष्काळ कोसळला. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील ज्येष्ठ मंडळींना खडी फोडण्याची केंद्रे, सुकडीचे वाटप आणि लाल मिलोची भाकरी आजही आठवते. ज्यांच्या घरी दहा-वीस एकर जमीन होती, त्या घरच्या सुनाही डोक्यावर पदर ओढून टोपली उचलीत होत्या. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. ती कामे नसती तर किती चुली कायमच्या विझल्या असत्या, याची कल्पनाच केलेली बरी. शेतकरी-कामगारांच्या संघटनांनी आणि विरोधी पक्षांनी तेव्हा रस्त्यावर येऊन कामाची व मजुरीची मागणी धगधगती ठेवली, हेही विसरता येणार नाही. सभागृहातील विचार आणि रस्त्यावरील रेटा यांची जोड जमली की कायदा होतो.

पाऊस आला तसा दुष्काळ संपला, पण धडा राहिला. संकट आल्यावर सरकारने कृपा म्हणून काम काढावे, ही ब्रिटिश अमदानीपासूनची चाल होती. पाग्यांचे म्हणणे असे की, काम मागणे हा नागरिकाचा हक्क मानावा. भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयात जाऊन मागता येणार नाही अशा जागी. ते तत्त्व महाराष्ट्राने कायद्यात उतरविले. १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम विधिमंडळात एकमताने संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. अशी हमी कायद्याने देणारे हे देशातील पहिले राज्य. ग्रामीण भागातील प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले की पंधरा दिवसांच्या आत ते द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा, स्त्री आणि पुरुष यांना मजुरीचा दर एकच ठेवायचा. भत्त्याची रक्कम रोजचा एक रुपया इतकीच होती. पण त्या रुपयाने सरकारला देणेकरी ठरविले, आणि तेच त्याचे मोल होते.

आता प्रश्न आला पैशाचा. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? या ठिकाणी त्या काळच्या विधिमंडळाने जे धाडस दाखविले त्याला तोड नाही. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून कर घ्यायचा, मोटारवाहने, विक्रीकर, बागायती जमीन यांच्यावरही थोडा थोडा भार टाकायचा, आणि जितका पैसा यातून जमेल त्याच्या बरोबरीने राज्याने आपल्या तिजोरीतून भर घालायची, अशी ती व्यवस्था होती. शहरातील मतदारावर नवा कर बसवून खेड्यातील मजुराच्या कामाची तरतूद करणे, आणि तेही सर्व पक्षांच्या संमतीने, ही गोष्ट आजच्या सवलतींच्या स्पर्धेत आश्चर्याचीच वाटेल. शहराने खेड्याला दिलेला तो लेखी शब्द होता.

त्या शब्दाचे फळ काय मिळाले? पाझर तलाव, नालाबांध, गावरस्ते यांचे जाळे मराठवाड्यात विणले गेले. कामांवर मोठा वाटा स्त्रियांचा राहिला. स्वतःच्या नावाने हातात पडलेली मजुरी अनेकींनी प्रथम तिथेच पाहिली. १९९० पासून रोजगार हमीशी फळबाग लागवडीची सांगड घातली गेली आणि मराठवाड्याच्या शिवारांत फळबागांचा विस्तार झाला. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यांतील मोसंबीच्या हजारो झाडांवर शेतकऱ्यांनी कुऱ्हाड चालविली, हे दुःख खरे. तथापि मजुराच्या घामातून शेतकऱ्याची मालमत्ता उभी राहू शकते, हे त्या बागांनी सिद्ध केले होते. पुढे २००५ साली देशाचा कायदा झाला आणि पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचे जे बारा जिल्हे निवडले गेले, त्यांत आपला जिल्हा होता. महाराष्ट्राची पायवाट राष्ट्राचा रस्ता झाली.

परंतु कौतुकाने डोळे झाकून घेणे हे आमचे काम नव्हे. हजेरीपटावर खोटी नावे, मजुरांच्या जागी यंत्रे, कामाच्या मोजमापातील वाद आणि महिनोन् महिने थकलेली मजुरी, हा या योजनेचा दुसरा इतिहास आहे. काम मागण्याचा अर्ज, म्हणजे ‘नमुना ४’, घेतलाच नाही किंवा त्याची पोच दिली नाही, की पंधरा दिवसांची मुदत सुरूच होत नाही आणि हक्क कागदावरच निजून राहतो. २०२३ च्या मार्चअखेरीस आपल्याच जिल्ह्यातील फुलंब्री पंचायत समितीच्या कार्यालयापुढे एका सरपंचाने, विहिरींच्या मंजुरीसाठी पैसे मागितले जातात असा आरोप करीत, नोटांची उधळण केली. ते दृश्य देशभर पाहिले गेले, दोन दिवस त्याची चर्चा झाली आणि मग लोक ते विसरले. आरोपाचा निवाडा करणे हे आमच्या अधिकारात नाही; पण हक्काची वस्तू मागण्यासाठी माणसाला नोटा उधळण्यापर्यंत जावेसे वाटावे, यातच कायद्याची दशा कळते.

अशा वेळी नवा केंद्रीय कायदा आला आहे. कामाचे दिवस १०० वरून १२५ वर नेले आहेत, ही त्याची जमेची बाजू आणि ती आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. मात्र जुन्या व्यवस्थेत अंगमेहनतीच्या मजुरीचा सर्व खर्च केंद्र सोशीत असे; नव्या कायद्याने महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६० आणि ४० अशी ठरविली आहे, निधीची मर्यादाही केंद्र आखून देणार आहे. शिवाय ऐन शेतीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा राज्यांना दिली आहे. मजूर मिळत नाहीत ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. पण ज्या वर्षी पेरणीच साधत नाही, त्या वर्षी मराठवाड्यातल्या शेतमजुराने त्या साठ दिवसांत काय खावे, याचे उत्तर दिल्लीहून येणार नाही. ते मुंबईच्या विधानभवनातच शोधावे लागेल. जुन्या केंद्रीय कायद्याच्या काळात शंभर दिवसांपलीकडचे काम आपल्या खर्चाने देण्याची जबाबदारी महाराष्ट्राने पत्करली होती. ती जबाबदारी पुढे कोणत्या रूपात उभी राहणार, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या जिल्ह्यातून नऊ आमदार विधानसभेत जातात; विधान परिषदेत मराठवाड्याच्या पदवीधरांचे आणि शिक्षकांचे प्रतिनिधी बसतात. त्यांच्या कामाचा लेखाजोखा आपण बहुधा सभामंडप, सिमेंटचे रस्ते आणि उद्घाटनाच्या कोनशिला मोजून मांडतो. आमदार निधीतील ही कामे अनावश्यक आहेत असे नाही. परंतु कोनशिलेवर ज्याचे नाव असते ते काम एका गल्लीचे असते. कायद्याच्या एका कलमाने लाखो घरांची चूल पेटती राहते, आणि त्यावर कोणाचेच नाव नसते. रोजगार हमीच्या कामांवर देखरेख ठेवण्यासाठी विधिमंडळाची स्वतंत्र समिती आहे. तिच्या दौऱ्यांत काय आढळले, त्यावर काय कारवाई झाली, ‘नमुना ४’ ची पोच न देणाऱ्यांपैकी किती जणांना जाब विचारला गेला, व्यवसाय कराचा जमा पैसा खरोखर मजुरीपर्यंत किती पोहोचतो, एवढे चार प्रश्न आपल्या नऊ आमदारांनी पुढच्या अधिवेशनात पक्षभेद विसरून विचारावेत, अशी आमची मागणी आहे.

आणि वाचकांनाही आम्ही एक गोष्ट सांगू इच्छितो. सकाळी शहराच्या चौकांत डबा हातात घेऊन कामाची वाट पाहणारी जी माणसे दिसतात, त्यांतील कितीतरी जण वैजापूर, कन्नड, सिल्लोड, पैठण या तालुक्यांतून गावात काम नाही म्हणून आलेली असतात. ‘हे लोक शहरात येतातच कशाला’ असा सवाल आपण सहज करतो. त्यांना गावातच काम मिळावे म्हणून आपण दरमहा २०० रुपये देत आहोत, ही जाणीव असती तर तो सवाल आपण त्यांना न करता सरकारला केला असता. कर भरला म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणारा समाज फार काळ स्वराज्य सांभाळू शकत नाही. दिलेल्या पैशाचा हिशेब मागणे हा कर भरण्याइतकाच नागरिकधर्माचा भाग आहे.

१९९० साली पागे गेले. त्यांनी घडविलेल्या कायद्यात पुढे बदल होत गेले आणि ते होतच राहतील. पण ‘मागेल त्याला काम’ हे त्याचे मर्म आहे, आणि त्याच्या पाठीशी १९७५ साली उभे केलेले शहराचे पैसे आजही दरमहा वसूल होत आहेत. तेव्हा या महिन्याचे पगारपत्रक हाती येईल, त्या वेळी वाचकांनी ती एक ओळ थांबून वाचावी आणि आपल्या आमदारास एक पोस्टकार्ड लिहून विचारावे की, या पैशाचे काम कोठे चालले आहे.