गळ आणि जळ : लेखांक 14 – वायुभार की प्रकाश?

गेल्या खेपेस कबूल केलेले पिठाच्या गोळीचे प्रकरण या आठवड्यास लांबणीवर टाकीत आहे. ग्वाल्हेरीस चिटणीस की गोठीत राहणाऱ्या एका वृद्ध वाचकांनी असा सवाल धाडला आहे की, तो निकालात काढल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. त्यांचा पुतण्या अमेरिकेत मिशिगन प्रांती असतो. तिकडील सरोवरांत तो स्मॉलमाउथ बास नावाच्या मत्स्याच्या पाठीस लागलेला असून, सुटीत घरी आला असता त्याने काकांस सांगितले की, तिकडचे जाणते लोक गळ उचलण्यापूर्वी वायुभारमापक पाहतात. काटा उतरू लागला म्हणजे मासा अधाशासारखा खातो, आणि चढून स्थिरावला म्हणजे तोंड मिटून बसतो. काकांच्या दिवाणखान्यात वडिलांच्या दरबारी नोकरीच्या काळातले पितळी यंत्र अद्याप चालू आहे. तिघऱ्याच्या जलाशयावर निघण्यापूर्वी त्याची साक्ष घ्यावी काय, असे ते विचारतात.

प्रथम या बासाविषयी चार शब्द. लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने 1802 साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. उत्तर अमेरिकेतील महासरोवरे, सेंट लॉरेन्सचे खोरे आणि वरची मिसिसिपी हा त्याचा मूळचा मुलूख. अंगाने तो बेताचा. टेनेसीकडील डेल हॉलो जलाशयात 1955 साली सापडलेला 11 पौंड 15 औंसांचा मासा हा त्या जातीचा विक्रम, तर आपल्या महाशीराने काबिनी नदीत 1946 साली 120 पौंडांचा काटा गाठला होता. परंतु वजनाचा हा भेद सोडला तर खडकाळ तळाची आवड, निवळशंख पाण्याचा सोस आणि भक्ष्य डोळ्यांनी हेरून त्यावर झडप घालण्याची रीत, या तिन्ही बाबतींत ओरछ्याजवळच्या बेतवेतला महाशीर आणि मिशिगनचा बास यांचे शील एकमेकांशी विलक्षण जुळते. ज्या महाशीरास मध्य प्रदेश शासनाने 2011 साली राज्यमत्स्याचा मान दिला, त्याच्या तबियतीचा विचार करताना त्या परक्या माशाचा अनुभव म्हणूनच आपणांस उपयोगी पडतो.

आता वायुभाराचा हिशेब मांडू, कारण हा विषय हिशेबानेच सुटणारा आहे. सुमारे दहा मीटर खोल पाण्याचा भार हा आपल्या डोक्यावरील समग्र वातावरणाच्या भाराइतका असतो. म्हणजे एक मिलिबार वायुभार हा ढोबळ मानाने एक सेंटिमीटर पाण्याच्या बरोबरीचा झाला. मोठे वादळ येऊन काटा दहा मिलिबारांनी उतरला असे धरले, तरी माशाच्या अंगावरून अर्धी वीत पाण्याचे ओझे काय ते उतरले. आणि जो प्राणी एखाद्या किड्याच्या मागे क्षणार्धात मीटरभर वर येतो व तितकाच खाली जातो, तो प्रत्येक वेळी शंभर मिलिबारांचा फरक सहजगत्या सोशीत असतो. एवढा फरक एखादे अतिप्रचंड चक्रीवादळच काय ते करू शकते. वाऱ्याने उठलेल्या साध्या लाटांखालीदेखील भाराचा दहा मिलिबारांचा चढउतार घटकेघटकेस होत असतो, आणि त्यापायी कोणा माशाची भूक पालटल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या अक्षांशांतील माणसास याहूनही बळकट पुरावा घरबसल्या उपलब्ध आहे. काकांनी ते पितळी यंत्र आठवडाभर नेमाने पाहिले, तर त्यांस आढळेल की आकाश निरभ्र असतानाही काटा सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढलेला असतो, आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो. वातावरणाची ही दुहेरी भरतीओहोटी उष्ण कटिबंधाकडे स्पष्ट असते. आपल्याकडे तिचा पल्ला तीन मिलिबारांच्या आसपास पडतो, आणि मिशिगनच्या बाजूस ती इतकी क्षीण होते की वादळांच्या मोठ्या चढउतारांत लुप्तच होते. केवळ काटा उतरल्याने मासा खाऊ लागत असता, तर ग्वाल्हेरीस बाराही महिने दुपारी बारा ते चार ही शिकारीची पर्वणी ठरली असती. वैशाखातल्या दुपारी तिघऱ्याच्या काठी बसलेल्या कोणासही विचारावे, ती वेळ कशी असते!

येथे शरीररचनेचाही एक मुद्दा आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते व तिच्या बळावर तो पाण्यात हव्या त्या खोलीवर तरतो. बासाची ही पिशवी बंद असते. तीतील वायू रक्तावाटे हळूहळू कमीजास्त करावा लागतो. उलट रोहू, कतला, नैन आणि महाशीर या आपल्या कुळातील माशांची पिशवी एका नळीने अन्नमार्गास जोडलेली असल्यामुळे ते वर येऊन हवा घेऊ शकतात वा बुडबुड्यांनी सोडू शकतात. म्हणजे वायुभाराची तक्रार करण्यास बासापाशी यत्किंचित आधार असलाच, तर आपल्या माशांपाशी तेवढाही नाही.

मग मिशिगनच्या लोकांचा अनुभव लटका समजावा काय? मुळीच नाही. त्यांनी पाहिले ते खरे. कारण मात्र भलत्याच्या नावे दप्तरी दाखल झाले. काटा एकटा कधीच उतरत नाही. त्याच्यासवे ढग येतात, वारा येतो, पाण्यावर लहरी उठतात. या सर्वांचा एकत्रित परिणाम पाण्यातील उजेडावर होतो, आणि डोळ्यांनी शिकार करणाऱ्या प्राण्याचा खरा हाकिम उजेडच होय.

पाण्यातील दिवस आणि काठावरील दिवस हे एक नव्हेत, ही गोष्ट आपले पुष्कळ गळवाले जाणत नाहीत. संथ पाण्यावर सूर्य डोक्यावरून तळपत असता प्रकाशाचे शंभरांतील अवघे दोन भाग परावर्तित होतात. तोच सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर असता पस्तीसच्या आसपास भाग वरच्या वर परततात, आणि पाच अंशांवर असता निम्म्याहून अधिक. ग्वाल्हेरीस सूर्योदयानंतर दहा अंश चढण्यास सूर्याला सुमारे पाऊण तास लागतो. तेवढा वेळ आपणांस लख्ख सकाळ दिसत असली तरी खाली अद्याप झुंजुमुंजूच असते, आणि संध्याकाळीही खालचा दिवस आपल्या आधी मावळतो.

त्यात माशास पापणी नाही, आणि बहुतेक जातींची बाहुली आपल्या बाहुलीप्रमाणे आकुंचन पावत नाही. प्रखर उजेड सोसण्यासाठी त्याच्या नेत्रपटलातील रंगद्रव्य व दृष्टिपेशी यांनाच आपल्या जागा बदलाव्या लागतात. रात्रीच्या पेशी मागे सरतात, दिवसाच्या पुढे येतात, आणि ही अदलाबदल पुरी होण्यास अर्धा तास वा त्याहूनही अधिक काळ जातो. संधिप्रकाशात लहान माशांचे डोळे या घालमेलीत असता मोठ्या शिकाऱ्याचे फावते. पाण्यातील उभयसंध्यांस जी धामधूम माजते, तिचे मर्म मला यातच दिसते. परंतु मिशिगनचे वेळापत्रक येथे लागू करू नये. पंचेचाळीस अंश अक्षांशावर जूनमधील सूर्यास्तानंतरचा कामापुरता संधिप्रकाश अर्ध्या तासाहून अधिक टिकतो, तर आपल्या सव्वीस अंशांवर पंचविसेक मिनिटांत आटोपतो. तिकडचा मनुष्य सूर्य बुडाल्यावर आमिष बदलीत बसला तरी चालते. आपण सूर्य क्षितिजाच्या वर हातभर असतानाच सरंजाम मांडून सज्ज असावे.

आता मावठीकडे येतो, कारण काकांच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिच्यापाशी आहे. पौष-माघात भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी विक्षोभ उत्तर हिंदुस्थानावरून पूर्वेस सरकतात, आणि त्यांच्यापासून आपल्याकडे हिवाळी पाऊस, म्हणजेच मावठ, होतो. या प्रकरणाची क्रमवारी अमेरिकेतील शीत आघाडीच्या क्रमवारीशी इतकी मिळतीजुळती आहे की, पुतण्याचे निरीक्षण ग्वाल्हेरीस पडताळावयाचे झाल्यास याहून योग्य ऋतू नाही. पाऊस येण्यापूर्वी एक-दोन दिवस ढग दाटतात. जमिनीची ऊब ढगांखाली कोंडून राहिल्याने रात्रीची थंडी उणावते. वारा पूर्वेकडे वळतो. भर उन्हात लाख लक्सच्या घरात असणारा उजेड दाट ढगांखाली दहा हजारांवर येतो, आणि मुख्य गोष्ट ही की त्यास दिशा उरत नाही, सावल्याच नाहीशा होतात. एरवी कपारीतून न हलणारा मासा त्या दिवसांत उथळ पाण्यावर दिवसाढवळ्या फिरताना मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. मावठ निघून गेली की आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते, वायव्येचा बोचरा वारा सुटतो, काटा चढतो, आणि पाण्याचा वरचा थर रात्री गार होऊन जड झाल्यामुळे खाली बसू लागतो. थंड रक्ताच्या प्राण्याची पचनशक्ती त्याबरोबरच मंदावते. एकीकडे डोळ्यांवर निष्ठुर ऊन आणि दुसरीकडे अंगात गारठा, अशा स्थितीत मासा खात नाही यात नवल नाही. काट्यास त्याचे श्रेय द्यावयाचे कारण नाही.

त्यानंतरच्या सकाळी ओल्या जमिनीवर जे दाट धुके पडते, त्यात काठावर कुडकुडत बसण्याची हौस पुष्कळांस असते. उजेड मऊ असतो हे खरे, पण पाणी त्या वेळी सर्वांत गार असते. माझे मत असे की, धुके विरल्यावर अकरा ते तीन हा काळ साधावा. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून चाळीस अंशांवरच असतो. ते ऊन जूनच्या उन्हासारखे सरळ तळापर्यंत घुसत नाही, आणि दगडांजवळचे पाणी तेवढ्यात किंचित तापते.

दगडांचे नाव निघाले म्हणून तिघऱ्याविषयी सांगणे ओघाने आले. सांक नदीवरील हे धरण माधवराव शिंदे महाराजांच्या कारकीर्दीतले. खडकवासल्यास 1903 साली बसविलेले विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे पुढे येथेही आले. आणि 1917 च्या ऑगस्टात हेच धरण फुटून हाहाकार उडाला होता. धरणाखालच्या थराथरांच्या ज्या वालुकाश्माने त्या वेळी दगा दिला असे तज्ज्ञ सांगतात, त्याच जातीच्या दगडाच्या पायऱ्या आणि कपारी जलाशयाच्या काठांना माशांसाठी दिवसभर सावली धरतात. ऊन कडक असता मोकळ्या पाण्यात गळ टाकणे व्यर्थ; जेथे उन्हाची आणि सावलीची सीमा पाण्यात उतरलेली दिसते, तिच्या आतल्या अंगास आमिष जाऊ द्यावे. सावलीतल्या माशास उजेडातले सर्व काही दिसते, उजेडातल्यास सावलीतले दिसत नाही.

आणि स्वतःच्या उभे राहण्याचाही विचार करावा. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशास बाहेरचे सगळे जग सुमारे सत्त्याण्णव अंशांच्या एका गोल गवाक्षातून दिसते. त्यापलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होऊन तळाचेच प्रतिबिंब दाखवितो. काठावर ताठ उभा राहिलेला मनुष्य त्या गवाक्षाच्या कडेस आक्रसलेला का होईना, पण दिसतो. तोच बसला, मागे सरला, तर दृष्टीआड होतो. वारा सुटून पाणी लहरले की ते गवाक्ष तुकड्यातुकड्यांनी हलू लागते, आणि म्हणूनच लहरींचे पाणी गळवाल्यास अनुकूल. सूर्य पाठीशी घेतला तर आपली सावली आमिषाच्या आधी पोहोचते, एवढे सकाळ-संध्याकाळी विसरू नये.

काकांनी यंत्र जरूर पाहावे. मावठ येत असल्याची वर्दी ते एक दिवस आधी देईल. परंतु निघण्याची वेळ त्यांनी खिडकीतून आकाश पाहून ठरवावी. 16 जून ते 15 ऑगस्ट या बंदीच्या मुदतीत गळ घरीच ठेवावा, आणि चंबळ अभयारण्यात किंवा शिवपुरीच्या सख्यासागरावर तो कोणत्याही ऋतूत नेऊ नये. सख्यासागराच्या काठी नुसते बसून उजेडाबरोबर माशांची हालचाल न्याहाळण्यास मात्र कोणाची हरकत नाही, आणि मी तरी बरेचसे तेथेच शिकलो.

पिठाची गोळी पुढील लेखांकी निश्चित घेईन. पावसाळी गढूळ पाण्यात डोळा निरुपयोगी झाल्यावर रोहू गंधाच्या मागाने कसा चालतो, हे समजल्यावाचून पिठातल्या हिंगाचे प्रयोजन उलगडत नाही. तेव्हा आरंभ तेथूनच करू.