नागपूरचा कबड्डीचा सामना

कबड्डी आपल्याकडं कोण खेळलं नाही? आम्ही तिला हुतूतू म्हणायचो. पण पैसे घेऊन खेळणारे गडी मी पाहिले २०१७ साली, नागपूरला, मानकापूरच्या क्रीडागृहात. बंगळूरचा संघ त्या वर्षी घरचे सामने तिथं खेळला. यवतमाळहून एस.टी.नं आम्ही पाचजण गेलो.

सून म्हणाली, "मामाजी, माती कुठं आहे?" माती नव्हतीच. जाड चटई होती अन् गड्यांच्या पायांत बूट. मी तिला सांगत गेलो. दोन्हीकडं सात-सात गडी. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. चढाईला ३० सेकंद. दम कितीही मोठा असो, तेवढ्यात परतला नाही तर गडी बाद. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर तोही बाद.

नात पाच वर्षांची. गर्दीत हात सुटला तर? म्हणून तिच्या खिशात चिठ्ठी होती : नाव, गाव, फोन नंबर. ती लिहिली तिच्या आजीनं. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण ही शिकली उतारवयात, वर्गाला जाऊन. तिकिटावरचा खुर्चीचा नंबरही तिनंच वाचला. मी चष्मा विसरलो होतो.

सामने रात्री ८ नंतरचे. तुम्ही जाल तर मुक्कामाची सोय आधी करा. आम्ही रात्र बसस्थानकावर काढली.