वाशीम आणि दामिंग

वाशीमकरांनो, आपल्या रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलचं एक भावंड चीनमध्ये होतं! नाझरीन चर्चनेच तिथल्या हबेई प्रांतात, दामिंगला ब्रेसी मेमोरियल हॉस्पिटल उभारलं होतं. 1949च्या क्रांतीनंतर चीनमधून परदेशी मिशनरी गेले, चर्चवर सरकारी नोंदणीचं बंधन आलं. इकडे वाशीमला डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी 1938 साली हे हॉस्पिटल सुरू केलं आणि पुढे कितीतरी वर्षं त्या इथेच राबल्या. इथल्या मुली नर्सिंग शिकल्या. ही केवढी मोठी गोष्ट! घरात कुणी इथे नर्सिंग शिकलं असेल, तर जुन्या फोटोमागे नाव आणि साल आजच लिहून ठेवा.