लई म्हणजे किती?

होळी होऊन गेली की भिगवणच्या काठावर उजनीचं पाणी मागं सरकायला लागतं. काल जिथं होडी लागत होती तिथं आज गाळ, आणि त्या गाळावर पाखरांची जत्रा. कुंभारगावच्या काठावरून उजाडता उजाडता निघालं की थोड्याच वेळात समोर गुलाबी रेघ दिसते. ते रोहित. त्यांच्या अलीकडं थापट्या आणि तलवार बदकं, आणि एका उंचवट्यावर, डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवत उभे असलेले पट्टकादंब. मी नावाड्याला विचारलं, "दादा, किती असतील हो?"

"लई."

"लई म्हणजे?"

"लई म्हणजे लई. तुम्ही मोजा, मी होडी थोपवून धरतो."

मोजायची एक रीत आहे. थव्याच्या एका टोकाची दहा पाखरं खरोखर मोजायची. त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरायचं आणि तोच तुकडा, मापट्यानं ज्वारी मोजावी तसा, पुढं पुढं ठेवत जायचा. दहाचे शंभर, शंभराचे हजार. आशियात १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची शिरगणती होते, तिथंही मोठ्या थव्यांपुढं हेच मापटं कामाला येतं. माझं मापटं मात्र तिसऱ्या हजाराला सांडलं. कुठूनसा एक शिकारी पक्षी घिरट्या घालत आला, अख्खा थवा उठला आणि हिशेब पाण्यात गेला.

तरी पक्ष्यांचं एक बरं, त्यांना मोजायला सुरुवात तरी करता येते. माझी खरी पंचाईत केली ती होडीच्या कडेला टेकवलेल्या बांबूच्या टोकावर येऊन बसलेल्या एका चतुरानं.

बोटाच्या दोन पेरांएवढा, पंखांवर नारिंगी डाग. घाणेरड्या पाण्याचंही वावडं नसलेली ही जात, आणि इथं तसं पाणी पुष्कळ, कारण पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. तो झटक्यात उडाला, हातभर गेला, परत त्याच टोकावर बसला. जबडा हलत होता. पुन्हा उडाला, पुन्हा बसला, पुन्हा जबडा. एकही फेरी फुकट जाईना. प्रयोगशाळेत चतुरांच्या झडपा मोजल्या गेल्यात. शंभरातल्या पंचाण्णवच्या आसपास यशस्वी! वाघाच्या बहुतेक झडपा वाया जातात, हे इथं मुद्दाम सांगतो. चतुराचं डोकं म्हणजे जवळजवळ नुसते डोळेच, आणि मोठ्या जातींत एकेका डोळ्यात तीस हजारांपर्यंत भिंगं. चारही पंख वेगवेगळे हलवता येतात, म्हणून तो हवेत थांबतो, मागंही सरकतो.

तो खात होता ती चिलटं. न चावणारी, डासासारखी दिसणारी. त्यांच्या अळ्या गाळात राहतात आणि त्या लालभडक असतात, कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. प्राणवायू नसल्यात जमा अशा चिखलात त्यावरच त्यांची गुजराण चालते. बदकं चिखलात चोच घालून चाळतात ती बरीचशी यांच्यासाठी. म्हणजे एवढा मोठा पक्ष्यांचा संसार ज्याच्यावर उभा आहे तो पाया पाण्याखाली आणि चिखलात. आम्ही दुर्बिणी लावून कळस बघत बसलो होतो.

पायाचा हिशेब मांडायचा तर मापटंही मोठं हवं. उजनीपेक्षा मोठं मापटं मला तिथं दिसत नव्हतं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. काठोकाठ भरलं की त्यात ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे टक्केवारीच्या शून्याखालचा. म्हणून तर उन्हाळ्यात 'उजनी उणे इतके टक्के' अशी बातमी येते, आणि बाहेरगावचा माणूस गोंधळतो की धरणात शून्याहून कमी पाणी कसं असेल. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. गुणाकार केला तर भरलेल्या उजनीत सव्वातीन लाख कोटी लिटरच्या वर पाणी होतं. 'लाख कोटी' म्हणताना आपली जीभ अडखळते. अर्थसंकल्पाच्या दिवशी ऐकतो, पण डोळ्यांसमोर काही येत नाही.

भास्कराचार्यांच्या वेळी अडखळत नव्हती. 'लीलावती' ११५० च्या सुमाराची.  या ग्रंथात दहादहा पटीनं वाढणाऱ्या संख्यांची नावं दिलीत : कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. लाख कोटी म्हणजेच महापद्म. उजनीत तीन महापद्म लिटरहून जास्त पाणी. मोठं कमळ, आणि दोन पायऱ्या वर जलधी म्हणजे समुद्र. तळ्याकाठी बसून मोजणाऱ्यासाठी याहून सोयीची नावं कोण ठेवणार?

तर आता किडे. इंग्लंडच्या दक्षिण भागावरून, सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटरांवरून, वर्षाकाठी किती कीटक उंचावरून उडत जातात हे दहा वर्षं रडारनं आणि जाळ्यांनी मोजलं. २०१६ साली आकडा प्रसिद्ध झाला : साडेतीन महापद्म. म्हणजे उजनी काठोकाठ भरून प्रत्येक लिटरमागं एकेक किडा सोडला, तरी काही किडे जागेवाचून बाहेर राहतील. तेही एका थंड देशाच्या एका भागातले, फक्त डोक्यावरून जाणारे, जमिनीवरचे धरलेलेच नाहीत. सगळ्यांचं मिळून वजन ३,२०० टन. भागाकार केला की एकेकाच्या वाट्याला मिलिग्रॅमही नीट येत नाही. फोडणीतला मोहरीचा दाणा याहून जड.

मुंग्यांचा अंदाज २०२२ चा : पृथ्वीवर सुमारे दोन मध्य. दोनावर सोळा शून्यं. दर माणशी पंचवीस लाख. उजनीच्या मापात सांगायचं तर लिटरला एक मुंगी या दरानं सहा हजार उजन्या. आणि एकूण कीटक? नेहमी सांगितला जाणारा ढोबळ अंदाज आहे एकावर एकोणीस शून्यं. भास्कराचार्यांची यादी परार्धावर, म्हणजे सतरा शून्यांवर संपते. म्हणून शंभर परार्ध म्हणावं लागतं. तीस लाख उजन्या. सेकंदाला एक या वेगानं मोजायला बसलो, तर विश्वाचं आजवरचं सगळं वय तेवीस वेळा लागेल, आणि मधे कुणी 'चहा घेता का' विचारलं तर पहिल्यापासून सुरुवात.

यापुढं पक्षी म्हणजे किस झाड की पत्ती. २०२१ च्या एका अंदाजानुसार जगात सगळे मिळून पाच खर्व पक्षी, म्हणजे पाच हजार कोटी. माणशी सहा. त्यांत सगळ्यात जास्त कोण, तर चिमणी, १६० कोटी. आपण इकडं तिच्यासाठी हळहळतो आणि तिकडं ती यादीत पहिली. तिनं शहरातलं घर सोडलं हेही खरं आणि हेही खरं. कीटकांना पक्ष्यांनी भागलं तर एकेका पाखराच्या वाट्याला वीस कोटी किडे येतात. पाखरं त्यांतले खातात किती? वर्षाला चाळीस ते पन्नास कोटी टन. आपल्या देशाचं सगळं धान्य, गहू-तांदूळ-डाळी-ज्वारी धरून, हल्ली वर्षाला ३३ ते ३५ कोटी टनांच्या आसपास पिकतं. म्हणजे अख्ख्या भारताच्या खळ्यांहून मोठं जेवण. आणि जेवणाऱ्या या सगळ्या पाखरांचं वजन अवघं तीस लाख टन! पंगतीच्या वजनाच्या दीडशे पट अन्न दर वर्षी उठतं, आणि वाढपी कधी दिसत नाही.

ऊन चढलं तसे पट्टकादंब उठले. उंचवट्यावरून निघून पाण्यावर एक फेरी मारून परत बसले. नावाडी म्हणाला, "आता जायची घाई लागलीय त्यांना. पाडव्यानंतर दिसायची न्हाईत."

लीलावतीत हंसांचं एक गणित आहे. ढग जमताना थव्याच्या वर्गमुळाची दहापट हंस मानस सरोवराकडं निघून गेले, आठवा हिस्सा काठावरून उडून दुसऱ्या एका कमळवनात गेला, आणि तीन जोड्या पाण्यात खेळत राहिल्या, तर हंस किती? उत्तर १४४. एकशेवीस, अठरा आणि सहा. गणित बरोबर, वेळापत्रक मात्र कवींचं. पट्टकादंब ढगांची वाट बघत नाहीत, चैत्र लागता लागता निघतात. पण दिशा खरी. तिबेटच्या पठारावरच्या आणि लडाखच्या तळ्यांकाठी ते अंडी घालतात. पाठीवर यंत्र बांधून सोडलेल्या एका पट्टकादंबाची ७,२९० मीटर उंचीवर नोंद झालीय. कळसूबाईवर कळसूबाई, असे चार डोंगर रचले तरी खालीच राहतील. तिथं हवा समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही विरळ. दोन-तीन किलोचं पाखरू, दमट नदीकाठची चार महिन्यांची वस्ती आटोपून, पंख मारत तिथवर.

यावर मी अगदी भारावलो होतो, तेवढ्यात बांबूवरचा चतुर पुन्हा उडाला आणि मला त्याचा एक नातेवाईक आठवला. पावसाळ्याच्या सुमारास मैदानांवर, गच्चीवर पिवळसर चतुरांचे थवे फिरतात, कुठं टेकत म्हणून नाहीत. पँटाला त्यांचं नाव. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना प्रश्न पडला, की बेटांवर गोडं पाणी साठून राहत नाही, मग दर ऑक्टोबरात हे लाखांनी येतात कुठून? २००९ साली त्यांनी उत्तर मांडलं : भारतातून, वाऱ्यावर, समुद्र ओलांडून, पुढं आफ्रिकेपर्यंत. जाऊन-येऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटर. एकाच्यानं हे पुरं होत नाही, चार पिढ्या लागतात. वाटेत पावसाच्या डबक्यांत जन्मलेली पोरं बापाची वाट पुढं चालवतात. वजन एक तृतीयांश ग्रॅमही नाही. अठरा हजार किलोमीटर म्हणजे त्याच्या साडेचार सेंटिमीटर लांबीच्या चाळीस कोटी पट. आपल्या उंचीच्या चाळीस कोटी पट अंतर माणूस चालला तर चंद्रावर पोचून परतीची बरीचशी वाट सरलेली असेल.

संध्याकाळी पळसमैना आल्या. ज्वारीच्या पट्ट्यात यांना भोरड्या म्हणतात आणि त्या म्हणण्यात शेतकऱ्याचा राग असतो. पळस फुलला की मात्र त्या पळसाच्या. महिनाभरात त्या मध्य आशियात असतील आणि तिथं टोळ खातील. चीनच्या शिनजियांगमध्ये तर त्यांनी टोळ खावेत म्हणून घरट्यांची सोय केली जाते. थवा कधी पिशवीसारखा आवळला, कधी धुरासारखा पसरला. त्यांच्या भाईबंदांचे थवे रोमच्या आकाशात कॅमेऱ्यांनी टिपून अभ्यासलेत. हजारांच्या थव्यातलं प्रत्येक पाखरू फक्त जवळच्या सहा-सात जणांवर नजर ठेवतं. दिवसभरात कानावर पडलेला हा सगळ्यात लहान आकडा, आणि मला तोच सगळ्यात जास्त पटला.

काठाला लागेपर्यंत अंधारून आलं होतं. बाभळीच्या शेंड्यावर चिलटांचा खांब उभा राहिला होता, पुरुषभर उंच, खालीवर हलणारा. बारीक सतारीसारखा आवाज येत होता. ही चिलटं सेकंदाला काही शे वेळा पंख मारतात. त्यांच्याच जवळच्या एका जातीत तो आकडा हजारावर मोजला गेलाय. मी सकाळची रीत काढली. खांबाच्या वरच्या टोकाची दहा चिलटं मोजायची, तो तुकडा डोळ्यांत धरायचा... एक, दोन, तीन म्हणायला तोंड उघडलं आणि चौथं थेट घशात गेलं.

नावाड्यानं टॉवेल नाकातोंडावर गुंडाळला होता. त्यातूनच तो म्हणाला, "लई हायती म्हणलं न्हवं. तोंड मिटा आधी."